अडत्याचे नवे रूप : ऑनलाइन विक्री, तातडीची पोच आणि आपली कायदेशीर जबाबदारी

गेल्या दिवाळीस आठ दिवस उरले असता मी बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या दुकानी गादीवर बसलो होतो. समोरच्या वाड्यातील वृद्ध बाई आमच्या वडिलांच्या काळापासूनच्या गिऱ्हाईक. त्यांच्या दारी दुचाकीवरून एक तरुण आला, हातात कागदी पिशवी दिली, मोबाइलवर काही टिपले आणि आला तसा निघून गेला. पिशवीत अर्धा किलो बदाम होते. आमच्या गल्ल्यापासून त्यांचा उंबरठा मोजून वीस पावलांवर. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे साबुदाणा न्यावयास आल्या, तेव्हा मी विषय काढला नाही. त्यांनीच संकोचाने सांगितले की मुलगा पुण्याहून मागवतो, मला काही कळत नाही.

आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत तरुण सभासदांनी विचारलेला प्रश्न याच प्रसंगाची दुसरी बाजू होय. आपणही आपला माल या ॲपवर घालावा की नाही, आणि घातला तर कायद्याचे कोणते ओझे अंगावर येते? चिटणीसांनी हा विषय स्मरणिकेसाठी मजकडे सोपविला. मी वकील नाही. किराणा, काजू आणि सुका मेवा यांचा व्यापारी आहे. तथापि गेली चार वर्षे दोन प्लॅटफॉर्मवर माल विकताना जे शिकावे लागले, आणि त्यापैकी जे दंड भरून शिकलो, ते बांधवांपुढे मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. पुष्कळ सभासद समजतात की माल ॲपवर गेला म्हणजे विक्रेता ती कंपनी झाली. आपण केवळ पुरवठादार. वस्तुस्थिती बहुधा उलट आहे. ऑनलाइन बाजारपेठ चालविणारी कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने बाजार समितीतील अडत्यासारखी आहे. माल त्याच्या ओट्यावर, काटा त्याचा, गिऱ्हाईक त्याने बोलावलेले. पण माल शेतकऱ्याचा. विदेशी भांडवल घेतलेल्या कंपन्यांना तर अडत्याच राहणे भाग होते. डिसेंबर २०१८ मध्ये काढलेल्या आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या पत्रकाने स्पष्ट केले की अशा कंपनीने स्वतःचा माल ठेवून किरकोळ ग्राहकास विकता कामा नये, विक्रेत्यात तिचे भागभांडवल असता कामा नये, आणि विक्रेत्याचा माल पंचवीस टक्क्यांहून अधिक तिच्याकडून किंवा तिच्या समूहाकडून खरेदी झालेला असेल तर त्याच्या साठ्यावर तिचेच नियंत्रण मानले जाईल. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम मध्यस्थास इतरांच्या मजकुराविषयी अटींसह संरक्षण देते. ही दोन्ही सूत्रे एकत्र वाचली म्हणजे बिलावर आपले नाव का छापले जाते ते उमगते. विक्रेता आपण आहोत.

अर्थात हे चित्रही स्थिर नाही. २०२५ मध्ये तातडीच्या पोचेचा व्यवसाय असलेल्या एका मोठ्या समूहाने विदेशी भागधारकांचा हिस्सा ४९.५ टक्क्यांपर्यंत बांधून घेतला, तो याचसाठी की कंपनी भारतीय मालकीची ठरावी आणि माल स्वतः विकत घेऊन ठेवता यावा. अशा ठिकाणी कालचा विक्रेता आज केवळ घाऊक पुरवठादार होतो. त्याची कायदेशीर जोखीम काही अंशी कमी होते. परंतु गिऱ्हाइकाशी असलेला उरलासुरला संबंधही तुटतो. यातले बरे कोणते आणि वाईट कोणते, हे ज्याने त्याने आपल्या वहीवरून ठरवावे.

विक्रेता म्हणून आपणावर काय येते ते ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांत सांगितले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालील हे नियम जुलै २०२० मध्ये निघाले. त्यांत प्लॅटफॉर्मने विक्रेत्याचे नाव, पत्ता, तक्रारीचा दूरध्वनी, माल परत घेण्याच्या व पैसे परत देण्याच्या अटी, मालाचा मूळ देश हे सर्व दाखवावे, तसेच माल कोणत्या क्रमाने दाखविला जातो याचे मुख्य निकष सांगावे, असे आहे. एवढे पुष्कळांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की त्याच नियमांत विक्रेत्यासाठी वेगळा नियम आहे. प्लॅटफॉर्मशी लेखी करार आधी झालेला असला पाहिजे. विक्रेत्यानेही तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे. त्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्याच्या आत तिचा निकाल लावावा. लहान दुकानात हा अधिकारी म्हणजे दुकानदार स्वतः किंवा त्याचे चिरंजीव; त्याला काही वेगळी खुर्ची लागत नाही. पण नाव आणि क्रमांक दाखविलेला असला पाहिजे, आणि त्या क्रमांकावर कोणी तरी उत्तर दिले पाहिजे. माल सदोष असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला असेल तर तो परत घेण्यास नकार देता येत नाही. ग्राहकाच्या नावाने स्वतःच आपल्या मालाची स्तुती लिहिणे हेही निषिद्ध आहे. हे शेवटचे लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होते, कारण दिवाळीच्या मोसमात नातलगांच्या मोबाइलवरून पाच तारे देववून घेणे हा आपल्याकडे निरुपद्रवी विनोद मानला जातो. कायद्याला त्यात विनोद दिसत नाही.

प्लॅटफॉर्मची ढाल किती पुरते याचे एक बोलके उदाहरण आपल्या भांडी-बाजारातील मंडळींनी अवश्य ध्यानी घ्यावे. घरगुती प्रेशर कुकरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असणे १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर, चिन्ह नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल, प्रत्येकी एक लाख रुपये दंड बसविला. एकीवरून असे २,२६५ आणि दुसरीवरून ५९८ कुकर विकले गेले होते. ग्राहकांना कळवावे, कुकर परत घ्यावे, पैसे द्यावे, असाही आदेश होता. आम्ही केवळ मध्यस्थ आहोत हे म्हणणे प्राधिकरणाने मानले नाही. प्रत्येक विक्रीमागे मोबदला घेणाऱ्याने मालाची जबाबदारी झटकता येत नाही, असा त्याचा रोख होता. व्यापाऱ्याने यातून काय घ्यावे? दंडाचा आकडा मोठ्या कंपनीला किरकोळ आहे. पण त्यानंतर या कंपन्या विक्रेत्याकडे प्रत्येक कागद मागू लागल्या, आणि कागद नसेल तर मालाची नोंद एका रात्रीत काढून टाकू लागल्या. गोदामात पडलेले चारशे नग मग कोणाच्या नावावर राहतात, ते सांगावयास नको.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो. चंदगड आणि गोव्याकडील काजू आम्ही पोत्याने घेतो. दिवाळीसाठी पाव किलोच्या पिशव्या आमच्याच माडीवर भरून, वर दुकानाचे नाव छापून, ॲपवर विकावयास ठेवल्या. वजन चोख होते. उलट चार ग्रॅम अधिकच. तथापि माल आपण पिशवीत भरला की आपण केवळ विक्रेता राहत नाही, तर वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार आवेष्टक ठरतो. आवेष्टकाने नव्वद दिवसांत नोंदणीसाठी अर्ज करावयाचा असतो. पिशवीवर नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति एकक दर आणि तक्रारीसाठी संपर्क ही माहिती हवी. आणि १ जानेवारी २०१८ पासून पॅकिंगचा महिना-वर्ष वगळता हीच माहिती ॲपच्या पानावरही दिसली पाहिजे. आमच्या पिशवीवर बहुतेक सर्व होते. पानावर मात्र मी फक्त एक सुंदर छायाचित्र आणि किंमत टाकली होती. तपासणी झाली, कागद आला, आणि प्लॅटफॉर्मने शांतपणे कळविले की दिलेली माहिती खरी व पुरी असण्याची जबाबदारी करारान्वये विक्रेत्याची आहे. नियमही तेच म्हणतो. तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटले. शुल्कापेक्षा त्या कचेरीच्या तीन फेऱ्यांनी माझा मोसम बुडविला.

कमाल किमतीपेक्षा एक पैसाही अधिक घेता येत नाही, हे आपण जाणतोच. एकाच वस्तूवर दोन निरनिराळ्या कमाल किमती छापण्यासही मनाई आहे. पोचेचा खर्च घ्यावयाचा तर तो वेगळा आणि मागणी नोंदविण्यापूर्वी दाखविलेला हवा.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांस अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी लागते, तिचा चौदा आकडी क्रमांक बिलावर हवा, हे दुकानालाही लागू आहेच. ऑनलाइन विक्रीत एक अधिक गोष्ट आहे. ग्राहकाच्या हाती पडताना वस्तूचे एकूण आयुष्याच्या तीस टक्के किंवा मुदत संपण्यापूर्वीचे पंचेचाळीस दिवस शिल्लक असावेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले. म्हणजे गल्ल्यावर सवलतीत खपणारा शेवटच्या महिन्यातील माल ॲपवर ढकलण्याची सोय उरली नाही. गोदामाच्या स्वच्छतेविषयीही आता कोणी मोठा सुटत नाही. २०२५ च्या जूनच्या सुमारास मुंबईत धारावी येथील एका तातडीच्या पोचेच्या गोदामाचा परवाना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने बुरशी लागलेला माल आणि शीतगृहातील अयोग्य तापमान अशा कारणांवरून निलंबित केला. आपला माल अशा गोदामात ठेवणाऱ्याने ते गोदाम एकदा तरी डोळ्यांनी पाहून यावे. हिरव्या चिन्हाचा माल आणि इतर माल एकाच फळीवर आहे काय, हेही आपल्यापैकी बहुतेकांना पाहावेसे वाटेल.

करांचा विषय मात्र आपणा सीमाभागातील व्यापाऱ्यांस विशेष आडवा येतो, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. वस्तू व सेवा कर आला तेव्हा ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकास, उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात सवलत मिळाली. ज्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत आहे, म्हणजे वस्तूंच्या बाबतीत कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व गुजरात येथे चाळीस लाख रुपये, त्याला पॅन देऊन केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन प्लॅटफॉर्मवर माल विकता येतो. हैदराबादच्या बांधवांनी लक्षात ठेवावे की तेलंगणाने ही मर्यादा वीस लाखच ठेविली आहे. एकरकमी योजनेतील व्यापाऱ्यांसही त्याच दिवसापासून ऑनलाइन वस्तुविक्रीची वाट मोकळी झाली. परंतु दोन्ही ठिकाणी एक अट आहे : माल राज्याबाहेर जाता कामा नये.

इंदूरच्या सियागंजातील किंवा वडोदऱ्याच्या हाथीखान्यातील लहान दुकानदारास ही अट फारशी जाचत नसेल. बेळगावचे तसे नाही. आमचे अर्धे गिऱ्हाईक चंदगड तालुक्यातले. शिनोळीचा माणूस सकाळी बाजारास येतो आणि दुपारी घरी जेवतो. पण शिनोळी कोल्हापूर जिल्ह्यात आहे. तो गल्ल्यावर येऊन पैसे मोजून माल घेऊन गेला आणि बिलावर त्याचा पत्ता नसला, तर ती विक्री कर्नाटकातील. त्याच माणसाने त्याच मालाची मागणी मोबाइलवर नोंदविली आणि आपण तो त्याच्या घरी पोचविला, तर ती आंतरराज्य विक्री. आणि वस्तूंच्या अशा विक्रीसाठी, हातमागासारखे काही थोडे अपवाद सोडता, पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी. आमच्या एका सभासदाच्या नोंदीत पोचेचे क्षेत्र म्हणून संपूर्ण भारत अशी खूण आपोआप झालेली होती. ती त्याने पाहिलीच नाही. सात पार्सले निपाणीच्या पलीकडे, कागलकडे गेली आणि सवलत संपली. ही खूण कोठे आहे ते शोधून केवळ आपले राज्य निवडणे, अथवा सरळ नोंदणी करून मोकळे होणे, एवढेच मार्ग आहेत. माझा कल दुसऱ्याकडे आहे. सीमेवर राहून सीमा न ओलांडण्याचे व्रत दुकानदाराला झेपत नाही.

याच्याच पोटातील दुसरा मुद्दा असा की माल परराज्यातील प्लॅटफॉर्मच्या गोदामात ठेवला तर तेथेही आपली नोंदणी लागते. हुबळीचे गोदाम चालेल, ते आपल्याच नोंदणीत जोडता येते. पुण्याचे घेतले तर महाराष्ट्रात नवी नोंदणी.

नोंदणीकृत विक्रेत्याच्या पैशांतून प्लॅटफॉर्म दोन कपाती करतो. करपात्र विक्री एक लाखाची असेल तर वस्तू व सेवा कराखाली आता पाचशे रुपये कापले जातात. १० जुलै २०२४ पूर्वी एक हजार कापले जात. प्राप्तिकराखाली १ ऑक्टोबर २०२४ पासून हजारी एक, म्हणजे शंभर. हे सहाशे रुपये कमिशन नव्हे, ते आपलेच आहेत. पहिले पाचशे संकेतस्थळावर जाऊन स्वीकारल्याखेरीज आपल्या रोख खात्यात येत नाहीत. कमिशन व पोच यांवर प्लॅटफॉर्मने लावलेल्या अठरा टक्के कराचे श्रेयही मिळते. मी स्वतः पहिल्या वर्षी ही सर्व रक्कम प्लॅटफॉर्मचा खर्च म्हणून नावे टाकली होती. वहीत रोजमेळ लिहिताना एका आण्याचा फरक सापडेपर्यंत आमचे आजोबा दिवा मालवीत नसत. नातवाने मात्र वर्षभर मोबाइलवरील हिशेब उघडून पाहिला नाही.

कोर्टकचेरीबाबत एक सूचना. २०१९ च्या कायद्याने ग्राहकास तो राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येते. ग्वाल्हेरच्या व्यापाऱ्याने गुवाहाटीस साडी पाठविली तर नोटीस गुवाहाटीहून येऊ शकते. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि दूरदृश्य सुनावणीचीही तरतूद आहे, म्हणून प्रवास टळू शकेल; नोटिशीकडे दुर्लक्ष मात्र करू नये. उत्तर न दिल्यास निकाल एकतर्फी होतो. पार्सल बंद करतानाचे छायाचित्र आणि वजनाची नोंद ठेवणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय, असा माझा अनुभव आहे.

ज्यांनी स्वतःचे ॲप काढले आहे, त्यांना याहून एक पायरी वर चढावे लागते. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकास फसवून निवड करावयास लावणाऱ्या तेरा प्रकारांना मनाई केली आहे. ‘फक्त दोन नग शिल्लक’ असे खोटेच लिहिणे, न मागितलेली वस्तू पिशवीत घालणे, शेवटच्या पानावर नवा आकार काढणे हे त्यांपैकी. गिऱ्हाइकांचे पत्ते व क्रमांक जपण्याविषयीचा २०२३ चा कायदाही टप्प्याटप्प्याने लागू होत आहे; यादी कोणास विकणे वा सहज देऊन टाकणे आतापासूनच सोडावे.

राहिला पोच करणारा तरुण. प्लॅटफॉर्मच्या अशा कामगारांसाठी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीनुसार कंपनीने वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, परंतु कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नाही, इतके अंशदान द्यावयाचे आहे. कर्नाटकाने २०२५ मध्ये आपला स्वतंत्र कायदा केला. त्यात कामगाराच्या मोबदल्यावर एक ते पाच टक्के कल्याण शुल्क आहे, आणि कारण व चौदा दिवसांची पूर्वसूचना दिल्याखेरीज त्याला काढता येत नाही. हे सर्व कंपन्यांसाठी. आपण गल्लीतील घरोघर माल पोचविण्यास जो मुलगा ठेवतो तो या कायद्यातला कामगार नव्हे, तो सरळ आपला नोकर आहे; त्याला किमान वेतन, साप्ताहिक सुटी आणि हजेरीपट हवा. त्याच्या गाडीचा विमा खाजगी वापराचा असेल तर व्यापारी वापर विमा कंपनीस कळवून पॉलिसी बदलून घ्यावी, नाहीतर अपघाताच्या दिवशी विमा कागदापुरता उरेल.

दहा मिनिटांत पोच ही जाहिरात आपण अनुकरणासाठी घेऊ नये असे मला वाटते. डिसेंबर २०२५ मध्ये अनेक शहरांत पोच करणाऱ्यांनी संप केला, आणि जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांच्या सांगण्यावरून मोठ्या कंपन्यांनी ते दहा मिनिटांचे शब्द आपल्या जाहिरातींतून काढण्यास प्रारंभ केला. शिवाय मुदत जाहीर केली आणि माल उशिरा गेला तर परत घेण्याचे बंधन वर सांगितलेल्या नियमानुसार आपलेच.

अवाजवी सवलती देऊन दुकाने बसविली जातात ही आपल्या बांधवांची तक्रार खोटी नाही. स्पर्धा आयोगाने दिल्लीच्या व्यापारी संघटनेच्या अर्जावरून जानेवारी २०२० मध्ये दोन मोठ्या कंपन्यांची चौकशी मांडली. तातडीच्या पोचेविरुद्ध वितरकांच्या महासंघाने २०२४ मध्ये दाद मागितली. या वाटेने न्याय मिळण्यास वर्षे लागतात आणि दुकानाचे भाडे महिन्याला द्यावे लागते, म्हणून दोन्ही गोष्टी बरोबरच कराव्या लागतील. प्लॅटफॉर्मशी करार करण्यापूर्वी मात्र चार कलमे मराठीत समजावून घ्यावी : सवलतीचा बोजा कोणावर, परत आलेल्या फुटक्या मालाचा खर्च कोणाचा, पैसे किती दिवसांनी, आणि वाद कोणत्या शहरी. माझ्या करारात चौथ्याचे उत्तर बंगळूर असे होते. नव्या करारात ते बेळगाव करून मागितले तेव्हा पलीकडून उत्तर आले की मसुदा बदलत नाही. त्या प्लॅटफॉर्मवर या दिवाळीस आमचे काजू नव्हते. समोरच्या बाईंच्या मुलाला मी दुकानाचा क्रमांक पाठविला आहे. पुण्याहून तो आता तेथे संदेश करतो, आणि आमचा मुलगा वीस पावले चालून पिशवी देऊन येतो.